विरजणापासून प्रयोगशाळेपर्यंत : ‘कल्चर’ म्हणजे काय आणि त्याचा रिपोर्ट उशिरा का येतो?

काही महिन्यांपूर्वी वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला विहाराच्या पायरीवरच थांबवलं. हातात दवाखान्याची फाईल होती. म्हणाल्या, “ह्यांचा बेडका तपासायला दिला. टीबी आहे हे दुसऱ्या दिवशीच कळलं, गोळ्याही लागल्या. मग हा ‘कल्चर’चा रिपोर्ट कशाला? महिना होत आला तरी येत नाही. नमुना हरवला की काय?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ह्यांना आता बरं वाटतंय. गोळ्या बंद करून नाक्यावर कामाला उभं राहतो म्हणतात. राहू देऊ का?”

आम्ही उभ्या उभ्या एवढंच सांगितलं की गोळ्या बंद करू नका आणि रिपोर्टची वाट पाहा. ताईंनी मान हलवली, पण “का?” हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर तसाच होता. तो प्रश्न बरोबरच आहे. कारण कळलं तर माणूस गोळी चुकवत नाही, आणि नुसता हुकूम फार दिवस टिकत नाही. म्हणून या वेळचा धडा ‘कल्चर’वर. हा धडा घरात मोठ्याने वाचावा.

विरजण : घरातलं कल्चर

‘कल्चर’ला मराठीत संवर्धन म्हणतात, म्हणजे जपून वाढवणं. हे काम आपल्या घरातली प्रत्येक बाई करते. कोमट दुधात चमचाभर दही घालून भांडं झाकून ठेवलं की सकाळी दही तयार होतं. त्या चमचाभर दह्यात डोळ्यांना न दिसणारे जीवाणू असतात. ते दुधातली साखर खातात, आम्ल तयार करतात आणि रात्रीतून वाढतात.

विरजण लावताना आपण काय काय सांभाळतो ते आठवा. दूध उकळून घेतो, म्हणजे त्यातले नको असलेले जीव मरतात. मग ते कोमट होऊ देतो, कारण कडकडीत दुधात विरजणातले जीवाणूही मरतील. भांडं स्वच्छ घेतो, झाकण ठेवतो. थंडीत दही लागायला वेळ लागतो म्हणून भांडं उबेला ठेवतो. स्वच्छता, खाऊ, ऊब आणि वेळ या चारही गोष्टी प्रयोगशाळेतल्या कल्चरला लागतात. फरक एवढाच की तिथे नेमका कोणता जीव वाढतो आहे हे ओळखावं लागतं, त्यामुळे शिस्त फार कडक असते.

एक इशारा आधीच देतो. घरात दह्याचंच कल्चर करावं. थुंकी, लघवी किंवा नासकं अन्न बरणीत ठेवून जंतू वाढवून पाहण्याचा प्रयोग मुलांना करू देऊ नये. कोणता जंतू वाढेल ते सांगता येत नाही.

चायना ग्रास आणि टीबीचा जंतू

टीबी जंतूमुळे होतो हे जर्मनीतल्या रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलं. म्हणूनच २४ मार्च हा क्षयरोग दिन. जंतू रोग्याच्या शरीरातून बाहेर काढून वेगळा वाढवला, मग तो प्राण्याला टोचला आणि तोच रोग झाला, असं त्यांनी दाखवून दिलं. रोग हा कुणाच्या शापाने, नजर लागल्याने किंवा मागच्या जन्माच्या पापाने होत नाही, याचा हा डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा होता.

जंतू वेगवेगळे ओळखायचे तर ते पातळ रसात न वाढवता घट्ट थरावर वाढवावे लागतात. रसात सगळे मिसळून जातात. घट्ट थरावर एकेका जंतूपासून एकेक ठिपका तयार होतो, त्याला वसाहत म्हणतात. कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर, मग जिलेटिनवर प्रयत्न केले. पण शरीराइतकी ऊब दिली की जिलेटिन वितळे. उपाय सापडला तो स्वयंपाकघरात. कॉख यांच्याबरोबर काम करणाऱ्या वॉल्थर हेसे यांची पत्नी फॅनी हेसे घरच्या जेलीसाठी समुद्री शेवाळापासून मिळणारं अगार वापरत असे. तेच वापरून पाहा, असं तिने सुचवलं. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो ते हेच. शरीराच्या उबेला ते वितळत नाही आणि बहुतेक जंतूंना ते खाताही येत नाही. आज जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांत हेच अगार वापरतात. १८८७ साली पेट्री यांनी झाकणाची चपटी काचेची बशी आणली, तिला पेट्री डिश म्हणतात. पेट्री यांचं नाव बशीला मिळालं. अगार सुचवणाऱ्या बाईचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

मग टीबीचा रिपोर्ट उशिरा का?

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. हिशेब सोपा आहे, मुलांकडून करून घ्या.

जीवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. लघवीच्या जंतुसंसर्गात बहुधा सापडणारा ई. कोलाय हा जंतू चांगला खाऊ आणि ऊब मिळाली तर साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे ८ तासांत २४ वेळा दुप्पट. एकाचे होतात १ कोटी ६७ लाखांहून जास्त. म्हणून लघवीच्या बशीवर दुसऱ्या दिवशी ठिपके दिसतात.

टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. त्याला दुप्पट व्हायला १५ ते २० तास लागतात. २० तास धरले तर २४ वेळा दुप्पट व्हायला ४८० तास लागतील, म्हणजे पूर्ण २० दिवस. प्रयोगशाळेला कितीही घाई असली तरी जंतूला घाई करता येत नाही. अंड्यापासून केलेल्या घट्ट खाद्यावर टीबीचे ठिपके दिसायला ३ ते ८ आठवडे जातात. यंत्रात ठेवायच्या पातळ खाद्यात जंतू बऱ्याचदा दोन आठवड्यांच्या आसपास सापडतो, पण ‘जंतू वाढला नाही’ असं लिहायचं तर ४२ दिवस थांबावं लागतं.

यात आणखी एक अडचण असते. बेडक्यात तोंडातले आणि घशातले इतर जंतूही येतात. ते झपाट्याने वाढून सगळा खाऊ संपवतात. म्हणून आधी बेडक्यावर तीव्र रसायन घालून इतर जंतू मारतात. टीबीच्या जंतूभोवती मेणासारखं आवरण असतं, त्यामुळे तो त्यातून वाचतो. तरीही कधी इतर जंतू उरतात आणि रिपोर्टवर ‘दूषित’ असा शेरा येतो. त्याचा अर्थ टीबी आहे असाही नाही आणि नाही असाही नाही. नमुना पुन्हा द्यावा लागतो, एवढंच.

झटपट तपासणी झाली, तरी कल्चर कशाला?

ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या यंत्रांवर टीबी आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही, हे काही तासांत कळतं. ही फार मोठी सोय आहे. पण ही यंत्रं जंतूची खूण शोधतात. मेलेल्या जंतूचीही खूण उरते. औषध घेत असताना जंतू खरोखर मरत आहेत का, हे पाहायला जंतू वाढतो का तेच पाहावं लागतं.

दुसरं म्हणजे टीबीला एक औषध नसतं, चार औषधांनी सुरुवात होते. बाकीच्या औषधांना जंतू दाद देतो की नाही हे तपासायला पुरेसे जंतू हवेत. बेडक्यात ते थोडे असतील तर आधी वाढवावे लागतात. दुर्बिणीखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. कल्चरला त्याहून कितीतरी कमी पुरतात. दुर्बिणीतून सुटलेला टीबी कल्चरमध्ये सापडतो तो यामुळेच.

आता गोळ्या मध्येच का सोडू नयेत ते पाहा. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत झपाट्याने वाढणारे जंतू मरतात, म्हणून ताप उतरतो, भूक लागते, बरं वाटतं. पण सावकाश वाढणारे, दबून बसलेले जंतू अजून जिवंत असतात. औषध थांबलं की ते पुन्हा वाढतात. औषधं तुटक तुटक घेतली तर त्यांना दाद न देणारे जंतू मागे राहतात आणि तेच वाढतात. मग तोच जंतू एका खोलीत झोपणाऱ्या लेकरांपर्यंत जातो. आपल्या दहा बाय दहाच्या घरांत ही गोष्ट हलकी घेऊन चालणार नाही.

लघवीचं कल्चर : रिपोर्ट कसा वाचायचा

लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, थंडी वाजून ताप या तक्रारींसाठी डॉक्टर लघवीचं कल्चर सांगतात. उगवलेल्या जंतूंच्या थरावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ वर्तुळ दिसतं. लागू पडत नसेल तर जंतू चकतीला भिडून उगवतात. रिपोर्टवर ‘एस’ म्हणजे औषध लागू पडतं, ‘आर’ म्हणजे पडत नाही. ‘आय’ असेल तर किती मात्रा द्यायची ते डॉक्टरच ठरवतील.

इथे शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत, कारण तिचा जंतू वेगळा आणि आपला वेगळा. कल्चरचा नमुना देण्याआधीच अँटिबायोटिक घेतलं तर जंतू अर्धमेले होतात, बशीवर उगवत नाहीत आणि रिपोर्ट चुकीचा ‘निल’ येऊ शकतो. गोळी आधीच घेतली असेल तर तसं डॉक्टरांना सांगावं, लपवू नये.

प्लेग, मुंबई आणि सावित्रीबाई

जंतू वाढवून त्यापासून लस करण्याचं मोठं काम आपल्या मुंबईत झालं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगचा जंतू मांसाच्या रसात वाढवला. त्या रसावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवत. थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचं प्लेगनेच निधन झालं. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं होतं. लस मुंबईत तयार झाली होती, पण ती सगळ्यांपर्यंत पोहोचायला अजून वेळ होता. आज लस दाराशी येते तेव्हा नको म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा आठवाव्यात.

केळीचं रोप बाटलीत

वनस्पतीच्या पेशींची गंमत अशी की योग्य खाऊ मिळाला तर एका बारीक तुकड्यातून पूर्ण झाड उभं राहतं. १९५८ साली स्टीवर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून अख्खी गाजराची रोपं वाढवून दाखवली.

जळगावकडे मजुरीला गेलेल्या आपल्या माणसांनी टिश्यू कल्चरची केळी पाहिलीच असेल. पूर्वी केळीचे मुनवे किंवा कंद काढून लावत. त्याबरोबर जुन्या झाडाचे रोगही नव्या शेतात जात. आता निरोगी झाडाच्या मुनव्याचा कोवळा शेंडा घेतात, धुऊन निर्जंतुक करतात आणि बाटलीत अगारच्या थरावर ठेवतात. त्यात साखर, क्षार आणि वनस्पतीची संजीवकं असतात. एका संजीवकाने फुटवे फुटतात, दुसऱ्याने मुळं येतात. एका शेंड्यापासून शेकडो रोपं होतात, सगळी एकसारखी. बाटलीतून काढलेलं रोप फार नाजूक असतं, म्हणून ते आधी शेडनेटखाली हळूहळू हवेला सवकवतात. या प्रयोगशाळांत रोपं कापण्याचं बारीक काम बहुतेक मुलीच करतात. बारावी सायन्स झालेल्या आपल्या मुलींनी ही वाट माहीत करून घ्यावी.

प्राण्यांच्या पेशी आणि पोटातली इंजेक्शनं

प्राण्यांच्या आणि माणसांच्या पेशी वाढवणं सर्वांत कठीण. त्यांना ३७ अंश ऊब, प्रथिनं, साखर आणि बहुधा वासराच्या रक्ताचा द्रव लागतो. त्या सावकाश वाढतात, आणि एक जीवाणू शिरला तरी सगळी बाटली वाया जाते. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे अशा पेशी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवतात आणि देशभरच्या संशोधकांना पुरवतात.

याचा आपल्याला काय उपयोग? वडीलधाऱ्यांना विचारा. कुत्रा चावला की पूर्वी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. तिने काहींना लकव्यासारखा त्रासही होई. विषाणू एकटा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. पेशी बाटलीत वाढवता आल्या तेव्हा रेबीजचा विषाणू त्यांत वाढवून स्वच्छ लस करता आली. आता इंजेक्शनं दंडात असतात, कमी असतात आणि मेंढीच्या मेंदूची लस भारतात बंद झाली आहे. तेव्हा कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी, हळद-चुना लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. सांगितलेल्या सगळ्या तारखा पाळाव्यात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

हेन्रिएटा लॅक्स : एका आईच्या पेशी

माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत कायम जिवंत ठेवण्याचं यश १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर शहरात मिळालं. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या काळ्या बाईच्या होत्या. तंबाखूच्या शेतात राबत वाढलेली, पाच लेकरांची आई. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला होता. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तेव्हा काळ्यांसाठी वॉर्ड वेगळे होते. उपचार करताना तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला गेला. तिला विचारलं नाही. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, ती वारली. तिच्या पेशी मात्र वाढतच राहिल्या, साधारण दिवसाला दुप्पट. तिच्या नावातली अक्षरं घेऊन त्यांना ‘हेला’ म्हणतात.

पोलिओच्या लसीची चाचणी घ्यायला या पेशी लागल्या. त्या मोठ्या प्रमाणावर वाढवल्या टस्कीगी इथल्या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेतल्या काळ्या तंत्रज्ञांनी. जगभर या पेशींवर हजारो शोध लागले, कंपन्यांनी त्या विकल्या. घरच्यांना मात्र वीस वर्षांहून जास्त काळ काही ठाऊक नव्हतं. २०१३ साली अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेने पेशींतल्या जनुकीय माहितीबाबत कुटुंबाला निर्णयात स्थान दिलं आणि २०२३ साली एका मोठ्या कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली.

ज्यांचं अंग राबवून घेतलं आणि नाव पुसलं, त्यांची गोष्ट आपल्याला नवी नाही. पण यातून विज्ञानाकडे पाठ फिरवायची नाही. शिकायचं ते असं : नमुना कशासाठी घेता, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. संमतीपत्र वाचून घ्यावं, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावं, मगच सही किंवा अंगठा द्यावा.

आणि एक गोष्ट बहिणींसाठी. हेन्रिएटाला झालेला कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तिच्या पेशींतही हा विषाणू सापडला. आज त्याची लस आहे आणि ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना सर्वांत चांगली लागू पडते. तिशीनंतरच्या बायकांनी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. पाळी नसताना, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लाजून थांबू नये. हा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो.

ताईंचा रिपोर्ट

ताईंच्या घरचा रिपोर्ट सहाव्या आठवड्यात आला. नमुना हरवला नव्हता, जंतू सावकाश वाढत होता. रिपोर्टमध्ये निघालं की चार औषधांपैकी एकाला, आयसोनियाझिडला, जंतू दाद देत नाही. पहिल्या यंत्रावर हे कळलं नव्हतं. डॉक्टरांनी औषधं बदलली. दादांनी नाक्यावरचं काम तेवढे दिवस थांबवलं. घर ताईंनी आणि थोरल्या मुलीने सांभाळलं, वस्तीने किराण्याला हात लावला. उपचार पुरे झाल्यावर आता ते पुन्हा कामावर आहेत. त्या आठवड्यांत गोळ्या सोडल्या असत्या तर हा धडा आम्हाला वेगळा लिहावा लागला असता.

लक्षात ठेवा

१. बेडका सकाळी उठल्यावर, पाण्याने चूळ भरून, खोल खोकून द्यावा. नुसती थुंकी देऊ नये. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर द्यावा. डबीचं झाकण घट्ट लावावं.

२. लघवीसाठी दवाखान्याचीच निर्जंतुक डबी घ्यावी, घरची धुतलेली बाटली नको. जागा धुऊन, पहिली धार सोडून मधली धार घ्यावी. दोन तासांच्या आत पोहोचवावी.

३. नमुना आधी, अँटिबायोटिक नंतर. मात्र टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर कल्चरच्या रिपोर्टसाठी त्या थांबवू नयेत.

४. रिपोर्ट कधी मिळेल हे नमुना देतानाच विचारून फाईलवर तारीख लिहून घ्यावी. त्या तारखेला स्वतः चौकशी करावी. रिपोर्टची प्रत आपल्याकडे ठेवावी.

वाचन झाल्यावर विचारायचे प्रश्न

टीबीचा जंतू दुप्पट व्हायला किती तास लागतात? बरं वाटल्यावरही गोळ्या का घ्यायच्या? रिपोर्टवरच्या ‘आर’ अक्षराचा अर्थ काय? हेन्रिएटाला काय विचारायला हवं होतं?

या प्रश्नांची उत्तरं घरातल्या सर्वांत लहान शाळकरी मुलाकडून घ्या. त्याला सांगता आली, तर धडा घरात पोहोचला असं आम्ही समजू. जय भीम.